मेलबर्नचे तीन गोल

अंधेरी असो की घाटकोपर, मोकळी जागा दिसली की मुले तेथे फुटबॉल खेळू लागतात. तुम्हीही खेळत असाल. एकाच सामन्यात एका खेळाडूने तीन गोल केले, तर त्याला हॅट्‌ट्रिक म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळत असे. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील आसगाव या गावी झाला. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबई होती. चर्चगेट स्टेशनवर उतरून थोडे चालले की कूपरेज मैदान लागते. त्या काळी मुंबईच्या फुटबॉलचे हे मुख्य ठिकाण होते. मोठ्या कंपन्यांचे संघ तेथे एकमेकांशी झुंजत. नेव्हिल टाटांच्या संघातून आणि पुढे कॅल्टेक्सच्या संघातून खेळले. १९५४ साली मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात तेही होते. त्यांचे बंधू डेरेक हेही नावाजलेले खेळाडू होते.

नेव्हिल यांच्या पराक्रमाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जाऊ या. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले होते. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवाने सर्वांचे डोळे उघडले. यापुढे बूट घालूनच खेळायचे, असे ठरले.

चार वर्षांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ऑलिंपिक भरले. आपल्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मूळचे शाळेतले शिक्षक. चेंडू पायात घोळवत बसू नका, लगेच साथीदाराकडे द्या, अशी त्यांची शिकवण असे. दोन्ही पायांनी सारखेच खेळता यावे, म्हणून ते खेळाडूंकडून कमजोर पायाचा सरावही करून घेत. संघात मागे अझीझुद्दीन आणि रहमान यांच्यासारखे भक्कम फुलबॅक होते. पुढे पी. के. बॅनर्जी, किट्टू आणि आपले नेव्हिल होते. कर्णधार होते समर बॅनर्जी.

हंगेरीचा संघ न आल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मैदान त्यांचे, प्रेक्षकही त्यांचेच. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली! मध्यंतरानंतर नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि या वेळी मात्र ऑस्ट्रेलियाला उत्तर देता आले नाही. शेवटी किट्टू यांनी चौथा गोल केला. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो पहिला आशियाई फुटबॉल संघ ठरला.

उपांत्य फेरीत समोर कोण होते, सांगा पाहू? तोच युगोस्लाव्हिया! पण आता संघ बदलला होता. पहिला गोल भारताने केला आणि तो करणारे नेव्हिलच होते. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल केले, ते आता मागे पडले होते. पण हा आनंद काही मिनिटेच टिकला. युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना जिंकला. कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला. तोही आपण ३-० असा हरलो. भारताचा चौथा क्रमांक आला. पदक एका पायरीवरून निसटले.

नेव्हिल यांचे स्पर्धेत एकूण चार गोल झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत युगोस्लाव्हियाच्या आणि बल्गेरियाच्या एकेका खेळाडूबरोबर त्यांचे नाव लागले. पण पदकविजेत्यांची नावे लोकांच्या ओठांवर राहतात, चौथ्या क्रमांकाची लवकर विसरली जातात. १९८० साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नेव्हिल हे जग सोडून गेले. आज कूपरेजवरून जाणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव माहीत असेल?

मित्रांनो, वार्षिक स्पर्धेत तुमचा चौथा क्रमांक आला, तर तुम्ही खट्टू होता. अशा वेळी मेलबर्नचा तो संघ आठवा. त्याच्या गळ्यात पदक पडले नाही. पण १०-१ च्या पराभवापासून तो किती दूर चालून आला होता! आणि पुढच्या वेळी चर्चगेटला गेलात, तर कूपरेजपाशी क्षणभर थांबा. सोबतच्या मित्राला नेव्हिल डिसूझांची गोष्ट जरूर सांगा.

शब्दार्थ
कर्मभूमी – जेथे काम करून नाव मिळवले ती जागा
पुढे चाल मिळणे – न खेळता पुढच्या फेरीत जाणे
यजमान – ज्याच्या घरी किंवा देशात आपण पाहुणे असतो तो
खट्टू होणे – नाराज होणे

स्वाध्याय
१. १९५२ च्या पराभवानंतर कोणता बदल झाला?
२. रहीमसाहेब खेळाडूंना काय शिकवत?
३. चौथा क्रमांक आला, तरी भारतीय संघाची कामगिरी मोठी का मानावी? तुमच्या शब्दांत लिहा.