विश्लेषण : कॉलऱ्यात शरीरातील पाणी बाहेर कसे पडते? याचा छडा लावणारे डॉ. शंभुनाथ डे कोण होते?

कॉलऱ्याचा गंभीर रुग्ण उपचार न मिळाल्यास काही तासांत दगावू शकतो. जखम नसते, रक्तस्रावही नसतो. आतड्याच्या पेशींमधून पाणी बाहेर पडत राहते आणि शरीर कोरडे पडते. हे कशामुळे घडते, याचे उत्तर १९५९ मध्ये कलकत्त्यातील एका प्रयोगशाळेत मिळाले.

डॉ. डे कोण होते?

हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी गावात १ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले आणि १९४९ मध्ये लंडनहून पीएच.डी. मिळवून परतले. विकृतिशास्त्र शिकवत असतानाच त्यांनी कॉलऱ्यावर संशोधन सुरू केले.

नेमके कोडे काय होते?

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याच्या जिवाणूचा अभ्यास केला होता. हा जिवाणू विष तयार करत असावा, असा त्यांचा कयास होता. मात्र पुढची ७५ वर्षे ते सिद्ध झाले नाही.

प्रयोग काय होता?

डॉ. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग द्रवाने टम्म फुगला होता. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून काढलेला द्रव सोडला, तरीही तेच घडले. म्हणजे पाणी खेचणारे विष जिवाणूच्या बाहेर, त्या द्रवात होते. हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

पेशीत काय घडते?

हे पुढच्या संशोधनातून उलगडले. पेशीपटल मेदाचे असते. क्षार त्यातून थेट जाऊ शकत नाहीत, त्यांना प्रथिनांची दारे लागतात. कॉलऱ्याचे विष क्लोराइडचे दार उघडेच ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जाते, मागोमाग सोडियम आणि परासरणाने पाणी.

मग ओआरएस कसे वाचवते?

पटलावरील दुसरे एक दार ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत घेते. ते विषामुळे बंद पडत नाही. मीठ-साखर आत गेली की पाणीही मागे येते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हा उपाय वापरला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले.

डॉ. डे यांना काय मिळाले?

नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रणही त्यांना आले. पुरस्कार मात्र मिळाला नाही. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. कॉलऱ्याचे विष आज जगभर अभ्यासले जाते; त्याची सुरुवात सशाच्या आतड्याला बांधलेल्या दोऱ्याच्या दोन गाठींपासून झाली.