ब्राउनिंग : नाव आणि माणूस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात 'ब्राउनिंग' हा शब्द मी इंग्रजी मुळाक्षरे गिरविण्यापूर्वीच ऐकला होता. दिवेलागण झाली की आजोबा नाशिकची हकीकत सांगत. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदे'चा प्रयोग, बदलीवर निघालेले कलेक्टर जॅक्सनसाहेब पाहुणे म्हणून आलेले, आणि अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या तरुणाच्या हाती, लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. आजोबांच्या तोंडी ब्राउनिंग हा शब्द भवानी तलवारीसारखा येई. पुष्कळ वर्षे मला ते हत्याराचेच नाव वाटे. पुढे कळले की ते एका माणसाचे नाव आहे. आणि मग त्या माणसाची चौकशी केल्यावाचून राहवेना.

जॉन मोझेस ब्राउनिंग ह्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात, ऑग्डेन ह्या गावी झाला. बाप जोनाथन हा बंदुका घडविणारा कारागीर. मॉर्मन पंथ स्वीकारून तो १८५२ साली ह्या दूरच्या मुलखात येऊन राहिला होता. पंथाच्या त्या वेळच्या रीतीप्रमाणे त्याला तीन बायका होत्या आणि मुले बावीस. जॉनचे शालेय शिक्षण बेताचेच. त्याची खरी शाळा म्हणजे बापाची भट्टी आणि ऐरण. कारखान्यातील भंगार जमवून त्याने पोरवयातच आपली पहिली बंदूक जुळविली. पुढेही आराखडे काढीत बसण्यापेक्षा कल्पना मनात पक्की करून ती एकदम पोलादात उतरवावयाची, हीच त्याची पद्धत राहिली.

१८७९ साली त्याला एकबारी रायफलीचे पेटंट मिळाले. भावांना हाताशी धरून तो ती ऑग्डेनातच तयार करू लागला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे बेनेट हे गृहस्थ देशाच्या दुसऱ्या टोकाहून तेथे आले आणि आठ हजार डॉलर देऊन तिचे हक्क घेऊन गेले. त्यानंतर सुमारे एकोणीस वर्षे तो कल्पना देत राहिला आणि कंपनी त्या विकत घेत राहिली. मध्यंतरी दोन वर्षे त्याने हत्यारे बाजूला ठेवून, पंथाच्या आज्ञेने, दक्षिणेकडे धर्मप्रचारही केला.

तेथून परतल्यावर, १८८९ च्या सुमारास, एक साधी गोष्ट त्याच्या नजरेस पडली. नेमबाजी चालली असता प्रत्येक बारासरशी नळीपुढचे गवत वाकत होते. हजारोंनी ते पाहिले असेल, पण गोळी गेल्यावर उरणारे हे बळ फुकट जाते, ते कामास का लावू नये, हा विचार त्याच्या मनाने घेतला. धक्क्याच्या जोरावर चालणारी मशीनगन मॅक्सिमने त्यापूर्वीच केली होती; ब्राउनिंगने नळीतील वायूला कामास जुंपले. त्याच सुमारास धूर न करणारी दारू प्रचारात आली होती. जुनी काळी दारू नळीत काजळी धरी आणि नाजूक यंत्र अडून बसे. नव्या दारूमुळे आपोआप भरले जाणारे पिस्तूल शक्य झाले. जर्मनीत १८९३ मध्ये बोर्खार्टचे आणि पाठोपाठ माउझरचे पिस्तूल निघाले. पण ती मोठी, अवजड आणि खर्चिक होती.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र बोटाच्या जोराने फिरते. ब्राउनिंगच्या पिस्तुलात काडतुसे मुठीच्या आत, एकावर एक रचलेली असत. बार झाला की नळीवरचा पोलादी भाग धक्क्याने मागे सरके, रिकामे कवच बाहेर फेकी, आणि स्प्रिंगच्या ताणाने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकली. चाप मात्र प्रत्येक गोळीस नव्याने ओढावा लागे. लहान काडतुसास त्या सरकत्या भागाचे वजन आणि स्प्रिंग एवढा अडसर पुरे. जोरदार काडतुसासाठी त्याने नळी आणि तो भाग क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवण्याची युक्ती योजली. आजही जगातील बहुतेक लष्करी पिस्तुले ह्याच तत्त्वावर चालतात.

काडतुसाचाही त्याला नव्याने विचार करावा लागला. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला रुंद कड असते. एकावर एक रचली की कडा एकमेकींत अडकतात. त्याने ती कड प्रथम अगदी बारीक केली आणि पुढे कवचाच्या जाडीबाहेर येऊच दिली नाही. ७.६५ मिलिमीटर, ६.३५ मिलिमीटर, आणि १९०८ मध्ये आखूड ९ मिलिमीटर, अशी त्याची काडतुसे जगभर पसरली.

१८९७ मध्ये बेल्जममधील लिएजजवळच्या एर्स्ताल येथील फाब्रिक नास्योनाल ह्या कारखान्याशी त्याचा करार झाला. तेथून निघालेले १९०० चे पिस्तूल कोटाच्या खिशात मावे. १९१४ पर्यंत त्या कारखान्याने ब्राउनिंगची दहा लाख पिस्तुले तयार केली होती, आणि फ्रेंच भाषेत त्याचे आडनाव पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले होते.

अमेरिकेच्या लष्कराने १९११ साली त्याचे .४५ चे पिस्तूल पसंत केले. परीक्षेत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवीत आणि पुन्हा झाडीत. ते एकदाही अडले नाही. पहिल्या महायुद्धात आपल्या हत्यारांच्या हक्कांबद्दल त्याने सरकारकडून साडेसात लाख डॉलर घेतले. नेहमीचा मोबदला मागता तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यातच, मुलाच्या कचेरीत, हृदय बंद पडून तो वारला. त्या वेळी हाती असलेले पिस्तूल पुढे सेव्ह ह्या त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने पूर्ण केले.

एवढे वाचून मी थांबलो असतो तर एका कुशल, सचोटीच्या कारागिराचे चरित्र, इतकेच मनात राहिले असते. पण ते आखूड ९ मिलिमीटरचे काडतूस मनातून जाईना. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तू. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडले गेले ते ब्राउनिंगचे १९१० च्या नमुन्याचे पिस्तूल आणि हेच काडतूस. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर झाडले गेले ते पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे; पण आत काडतूस हेच होते. आणि ते पिस्तूल आमच्याच ग्वाल्हेरातून मिळविले गेले होते, हे त्या खटल्यात पुढे आले.

ह्या गावच्या जुन्या मराठी घरांना हे ठाऊक आहे, पण त्याचा उच्चार फारसा होत नाही. आजोबा नाशिकची हकीकत रंगवून सांगत. दिल्लीची त्यांनी आम्हां मुलांना कधीच सांगितली नाही. विषय निघालाच तर उठून देवघरात जात. त्यांच्या तलवारीसारख्या ब्राउनिंगचा कर्ता ह्या दुसऱ्या हकिकतीतही आहे, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावे.

ब्राउनिंगला ह्यात दोषी धरावे असे मला वाटत नाही. ऑग्डेनच्या त्या कारागिराने चाप ओढला की गोळी सुटलीच पाहिजे एवढेच पाहिले, आणि ते काम चोख केले. समोर कोण उभा आहे हे पाहण्याचे काम चाप ओढणाऱ्याचे. हल्ली नातवंडे नाशिकची हकीकत ऐकावयास बसतात, तेव्हा ती संपल्यावर मी उठत नाही. दिल्लीचीही सांगतो, आणि पिस्तूल कोठून गेले तेही सांगतो.