धाकट्या भावासाठी झिजलेला तोरसम खान

स्क्वॉशच्या इतिहासात जहांगीर खान हे नाव अजरामर झाले. परंतु त्या यशाचा पाया घालणाऱ्या तोरसम खान यांचे स्मरण क्वचितच होते. १९५७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या रोशन खान यांचे ते पुत्र. तोरसम देशोदेशीच्या व्यावसायिक स्पर्धा खेळत. १९७९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. मात्र त्यांचे खरे स्वप्न होते ते धाकट्या भावाचे. हर्नियामुळे डॉक्टरांनी खेळण्यास मनाई केलेल्या जहांगीरला त्यांनी घडवले. १९७९ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी तो जागतिक हौशी विजेता ठरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अॅडलेड येथे सामना सुरू असताना हृदयविकाराच्या झटक्याने तोरसम कोर्टवरच कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली. खचलेला जहांगीर खेळ सोडण्याच्या विचारात होता. तेव्हा चुलतभाऊ रेहमत खान यांनी स्वतःच्या कारकिर्दीवर पाणी सोडून त्याला हाताशी धरले. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये टोरंटोत जेफ हंट यांना नमवून जहांगीर जगज्जेता झाला. थोरल्या भावाचे स्वप्न साकार झाले. ते पाहायला तोरसम मात्र नव्हते.