व्ही. शांताराम : स्वतःच्या व्यवसायाचा उपहास करणारा दिग्दर्शक

चित्रसृष्टीचा उपहास करणाऱ्या चित्रपटांचा आस्वाद घेताना एक प्रश्न विचारणे आवश्यक असते : पडद्यावरील खोटेपणाची थट्टा करणाऱ्याने त्याच्या जागी काय मांडले? व्ही. शांताराम यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूर येथे झाला. गंधर्व नाटक मंडळीतील अल्पकाळच्या उमेदवारीनंतर ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे पडेल ते काम करीत त्यांनी चित्रपटनिर्मितीची सर्व अंगे आत्मसात केली. ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ मध्ये ही संस्था पुण्यास आली.

त्या काळी ‘देवदास’ (१९३५) मधील प्रेमभंगाने खचून मद्याच्या आहारी जाणारा नायक लोकप्रिय झाला होता. दुसरीकडे मुंबईच्या बॉम्बे टॉकीज या संस्थेने झाडाखाली गाणाऱ्या प्रेमिकांचा एक गोड साचा रूढ केला होता. ‘माणूस’ (१९३९) मध्ये शांताराम यांनी या दोन्ही प्रवृत्तींना उत्तर दिले. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्याव्यवसायात अडकलेली मैना यांच्या या कथेत बॉम्बे टॉकीजच्या प्रणयदृश्यांचे विडंबन योजले आहे. ‘आदमी’ या हिंदी आवृत्तीतही ते आहे.

येथे विडंबन आणि उपहास यांतील भेद ध्यानात घ्यावा. विडंबन मूळ शैलीचे अतिशयोक्त अनुकरण करते. उपहास त्या शैलीमागील उणिवेवर बोट ठेवतो. ‘माणूस’मध्ये विडंबन हे उपहासाचे साधन ठरते. पडद्यावरचे प्रेमिक निश्चिंतपणे गातात. गणपत आणि मैना यांना मात्र साधा संसार मांडणेही समाज अवघड करून ठेवतो. दोन्ही जगे एकाच चित्रपटात समोरासमोर आल्यामुळे प्रेक्षकाचे हसू अस्वस्थतेत परिणत होते. शेवटी मैना तुरुंगात जाते. गणपत मात्र देवदासच्या वाटेने न जाता आपल्या कर्तव्याकडे वळतो. अशा रीतीने शांताराम यांनी थट्टेबरोबर पर्यायही दिला.

१९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘नवरंग’ (१९५९) या रंगीत चित्रपटांत भव्य नेपथ्य, नृत्य आणि सजावट यांना त्यांनी प्राधान्य दिले. ज्या कृत्रिमतेची त्यांनी एकेकाळी थट्टा केली, तिच्याच जवळ ते गेले काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. तथापि याच दोन चित्रपटांच्या दरम्यान कैद्यांच्या माणूसपणावर विश्वास ठेवणारा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यांनी निर्माण केला. म्हणून एकतर्फी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. उपहास दुसऱ्यासाठी जे माप लावतो, त्याच मापाने पुढे उपहासकाराची कृतीही मोजली जाते, एवढे मात्र निश्चित.

या चित्रपटांमागे मराठी लेखकांची लेखणी होती, हेही साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. ‘माणूस’चे मराठी संवाद अनंत काणेकर यांनी लिहिले. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘नवरंग’ यांच्या लेखनात ग. दि. माडगूळकर यांचा वाटा होता. तेच माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चित्रपटासाठी लेखणी झिजवणाऱ्या कवीला यवतमाळात साहित्याचे हे मानाचे पद लाभले. चित्रपटाचा अभ्यास साहित्याच्या अभ्यासाला परका नाही, हेच यातून दिसते.

शांताराम यांना १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांनी ‘माणूस’ अवश्य पाहावा आणि त्यातील थट्टा वगळली असती तर गणपत-मैनेच्या दुःखाचा परिणाम कितपत उणावला असता, याचा स्वतः विचार करावा.