विमानवेडे जे. आर. डी. टाटा

मुंबईहून कलकत्त्याच्या बाजूला जाणारी विमाने आपल्या भंडारा जिल्ह्यावरून जातात. बांधीत रोवणी करणाऱ्या बायाही वरून आवाज आला की क्षणभर कंबर सरळ करून आकाशाकडे पाहतात. गोंदियाजवळची बिरशीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात मोडत होती. तेव्हा विमान आपल्याला अगदीच परके नाही. परंतु ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मार्गाने विमान नेण्याची रीत या देशात कोणी घातली, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? ती घालणारे गृहस्थ म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पोलाद, मोटारी आणि मीठ यांमुळे टाटांचे नाव घरोघर गेले आहे. ती बाजू येथे सोडून देते आणि विमानापुरतेच सांगते, कारण या माणसाचा जीव खरा तिथेच होता.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरी झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग व उद्योगातील सहकारी. आई सुझान ही फ्रेंच, लग्नानंतर तिचे नाव सूनी ठेवले. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो या गावी राहावयास जाई. तिथे त्यांचे शेजारी कोण, तर १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ! ब्लेरिओंचे वैमानिक समुद्रकाठच्या वाळूवर विमान उतरवीत आणि लहानगे जहांगीर ते पाहत राहत. पंधराव्या वर्षी तेथेच पैसे देऊन एका विमानात थोडा वेळ बसावयास मिळाले आणि आपणही उडायचे, हे त्यांच्या मनाने घेतले ते कायमचे.

पुढची वर्षे दुःखाची गेली. १९२३ साली आई क्षयाने वारली आणि १९२६ साली वडीलही गेले. जहांगीर १९२५ च्या अखेरीस मुंबईस येऊन बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कचेरीत बसू लागले होते. घरची फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा, विद्यापीठाची पदवी नाही, आणि विशी नुकतीच ओलांडलेली असताना धाकट्या भावंडांचा भार अंगावर. अशा तरुणाने विमानाचा नाद धरावा हे पुष्कळांना आवडले नसेल. पण मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा शिकावयास जाणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते. अवघे पावणेचार तास शिक्षकाबरोबर उडून ते एकटे विमान घेऊन वर गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर आकडाच १ असा होता.

१९२९ च्या अखेरीस आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जहांगीर कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा अवघ्या सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान ठिणगीच्या प्लगासाठी अडून पडले होते आणि जवळ जादा प्लग नव्हता. जहांगीरांनी आपल्याजवळचा काढून दिला. अस्पी पुढे गेला आणि थोड्याच तासांच्या फरकाने शर्यत जिंकला! पुढे हाच अस्पी १९६० साली आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. जहांगीरांना या हरण्याची खंत कधी वाटली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात आणि एकंदर स्वभाव पाहता ते खरेच वाटते.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक माजी लष्करी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आले होते. विलायतेचे टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून पुढे आगगाडीने मुंबई व मद्रास गाठण्यात दिवस जात. हे टपाल विमानाने पुढे न्यावे, ही ती योजना. कंपनीचे प्रमुख सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. जॉन पीटरसन या वडीलधाऱ्या अधिकाऱ्याने रदबदली केली तेव्हा दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकार मात्र मदत द्यावयास तयार होईना. तीन वर्षे पत्रव्यवहार चालला आणि शेवटी एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. नेलेल्या टपालाचे पैसे मिळायचे, वर एक छदामही नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून जहांगीर एका लहानशा पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादेस पेट्रोल भरावयास उतरले, तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी ते मुंबईस जुहूला पोचले. तेथून व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासेस नेले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठचे चिखलाचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, मग सगळा बाडबिस्तरा पुण्यास हलवावा लागे. पहिल्या वर्षी ही विमाने १,६०,००० मैल उडाली, १५५ उतारू टपालाच्या थैल्यांशेजारी अंग चोरून बसून गेले आणि साठ हजार रुपये नफा झाला. सरकारी अहवालात विशेष कौतुक झाले ते वक्तशीरपणाचे. ऐन पावसाळ्यात सह्याद्री ओलांडूनही टपाल वेळेवर पोचत होते.

टाटा एअरलाइन्सची २९ जुलै १९४६ रोजी एअर-इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. हिंदी कंपनीचे लंडनला जाणारे नियमित उड्डाण ते पहिलेच. ते पाहावयास व्हिन्सेंट राहिले नव्हते. १९४२ साली युद्धकाळात विलायतेहून परतताना त्यांचे विमान बेपत्ता झाले होते.

आता आपल्या विदर्भाशी निगडित असा एक प्रसंग. ३० जानेवारी १९४९ पासून सरकारने रात्रीचे हवाई टपाल सुरू केले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव तळावर जमत आणि टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परत फिरत. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची ही कल्पना. साऱ्या देशाचे टपाल आपल्यापासून साठ किलोमीटरवर रात्रीच्या अंधारात हात बदलत होते, हे वाचून आजही मौज वाटते. पण जे. आर. डीं.नी या योजनेस विरोध केला होता. रात्री उडण्यास लागणारी बिनतारी साधने व दिवे तळांवर पुरेसे नाहीत, तोवर घाई करू नये, असे त्यांचे मत. मंत्र्यांना ते रुचले नाही आणि काम दुसऱ्या कंपनीकडे गेले. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे याच टपालाचे एक डाकोटा विमान नागपूरहून उडताच इंजिन बिघडून कोसळले व तेरा माणसे दगावली. एवढ्यावरून किडवाईंचे चुकले असा निवाडा देणे बरोबर होणार नाही. ही सेवा १९७३ पर्यंत चालली आणि लाखो घरांना तिने वेळेवर पत्रे पोचविली. जे. आर. डी. यांची शंकाही मात्र खोटी नव्हती, हे नमूद केले पाहिजे.

त्यापूर्वीच, १ ऑगस्ट १९५३ रोजी, सर्व विमान कंपन्या सरकारजमा झाल्या होत्या. एकवीस वर्षे वाढविलेली संस्था हातची गेली. आपल्याला नीट विचारलेही नाही, ही बोच त्यांना फार लागली. तरी परदेशी जाणाऱ्या एअर-इंडियाचे अध्यक्ष व्हा, असे सरकारने म्हणताच त्यांनी ते मान्य केले आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे ते काम बिनपगारी केले. आपण लेक दुसऱ्या घरी दिली तरी तिच्या संसाराकडे डोळे लागून असतात, तशातला हा प्रकार.

त्यांची देखरेख कशी होती हे आपणा बायकांना चटकन समजेल. विमानात बसले की त्यांची वही निघे. चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, खुर्चीची पाठ पुरेशी मागे का जात नाही, पडदे मळले आहेत का, असे सर्व टिपून ते अधिकाऱ्यांस लेखी कळवीत. एका तळावर टेबल धुळीने माखलेले दिसले तेव्हा फडके मागून त्यांनी स्वतः पुसले, अशी आठवण त्यांच्या हाताखालचे लोक सांगत. भंडाऱ्याची पितळी भांडी चिंच लावून उजळविणाऱ्या बाईला जी नजर असते, ती या कोट्यवधींचा कारभार पाहणाऱ्या माणसाला होती. विमानेही तशीच हौसेने निवडलेली. १९६० साली बोईंग ७०७ आली आणि जून १९६२ मध्ये एअर-इंडियाकडे पंख्याचे एकही विमान उरले नाही. सर्व जेट वापरणारी जगातील ती पहिली कंपनी ठरली.

एका गोष्टीबाबत मात्र महिला मंडळाच्या अंकात गप्प बसणे योग्य होणार नाही. ज्यांच्या हसतमुख सेवेवर एअर-इंडियाचा लौकिक उभा राहिला, त्या हवाई सुंदरींचे नियम काय होते? पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर घरी. आणि पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली. पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र अठ्ठावन्नपर्यंत मुभा. नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारी भगिनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८१ साली न्यायालयाने गरोदरपणाचा नियम रद्द केला. लग्नाचा मात्र राहू दिला. पडद्यावरचा डाग ज्यांना दिसे, त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात हे नियम चालले, याचे आश्चर्य वाटते. त्याच जे. आर. डीं.ना १९७४ साली सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने पोस्टकार्ड पाठविले होते. टाटांच्या मोटार कारखान्याच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असे का छापता, असा तिचा सवाल. त्यानंतर तिला मुलाखतीस बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्याच आपल्या सुधा मूर्ती. एका कार्डाने कारखान्याचे दार उघडले आणि विमानातल्या मुलींना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर-इंडियाचे एम्परर अशोक हे प्रचंड विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ माणसे गेली. महिनाभरातच मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. सरकारी पत्र येण्यापूर्वी ही बातमी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळली. शेहेचाळीस वर्षांच्या नात्याचा असा शेवट व्हावा, हे कुणाही घरातल्या कर्त्या माणसाच्या जिव्हारी लागेल. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद पुन्हा मिळाले नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ते जुन्या बनावटीचे लेपर्ड मॉथ विमान घेऊन कराचीहून पुन्हा एकटे निघाले. अहमदाबादमार्गे जुहूला उतरले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. असे उड्डाण त्यांनी १९६२ सालीही केले होते.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचा देह ठेवण्यात आला. त्यांना मूलबाळ नव्हते. एअर-इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारकडून पुन्हा टाटांकडे आली, तेव्हा ती त्या घरातून गेल्याला अडुसष्ट वर्षे उलटली होती.