पंडिता रमाबाई : कष्टांपलीकडची कृपा

आमचं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. मुशीतली चांदी आपली आपण शुद्ध होत नाही. भट्टी पेटवणारा दुसराच असतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना आम्हांस हेच आठवते.

बाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सारे कुटुंब पायी तीर्थे करी, पुराणे सांगे. व्रते, उपास, दानधर्म यांत पैका सरला आणि दुष्काळात आईबाप गेले. एवढं करूनही पदरी काय, ही सल बाईंना राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पापाचे ओझे उतरेना. १८९१ च्या सुमारास उमगले, की तारण कमवायचे नसते. ख्रिस्ताने फुकट दिलेले ते हात पसरून घ्यायचे असते.

मग कष्ट सुटले का? छे! केडगावी त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली-विधवा सांभाळल्या, बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या. हे सारे पुण्य जोडण्यासाठी नव्हे, ऋण मानून केले.

मंडळी, त्यांचा मार्ग निराळा. पण वारीची पावले हिशेबात धरणाऱ्या आपणांसही हा प्रश्न टळत नाही : आपण चालतो ते कृपा मिळावी म्हणून, की मिळाली म्हणून?