अंतर मोजणारा माणूस : विल्यम लॅम्बटन

आधीच सांगते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या.

आमचं घर मालवणपासून थोडं आत. खाली भाताचे कुणगे, वर काजू. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरतात. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची काडतुसाची बंदूक आहे आणि ते रात्री मांगरात राखणीला बसतात. शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बंदूक बहुतेक हवेतच वाजते. पण माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघितले आणि त्याला रेंजफाइंडर हवा झाला. स्वस्तातला कुठला घ्यावा ते मी सांगायचं, कारण मी इंजिनीअर होणार!

मी शोधायला बसले. लेझर रेंजफाइंडर प्रकाशाचा एक ठोका सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. 150 मीटरवरून परत यायला साधारण 1 मायक्रोसेकंद लागतो. खोक्यावर लिहिलेला पल्ला चकचकीत पाटीसाठी असतो, जनावराच्या केसाळ अंगावर तो बराच कमी होतो. स्वस्त यंत्र घेताना हे आधी बघावं. आणि आमच्या बंदुकीच्या छर्ऱ्याचा पल्ला तर जेमतेम 40-50 मीटर! हे सगळं वाचता वाचता, लेझर नसताना लोक अंतर कसं मोजायचे या प्रश्नावर आले आणि तिथे मला विल्यम लॅम्बटन भेटला. सर्व्हेच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येतं. त्याचं आयुष्य मात्र एका ओळीचं नाही.

लॅम्बटनचा जन्म 1753 च्या सुमारास इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात झाला. घरची परिस्थिती बेताचीच. गणितात हुशार होता म्हणून शाळेत निभावला, मग सैन्यात गेला. त्याची बरीच वर्षं कॅनडात गेली. तिथे सूर्यग्रहण बघताना त्याने काळी काच वापरली नाही आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. ज्या माणसाने पुढे दुर्बिणीतून अर्धा हिंदुस्थान मोजला, त्याला एकच डोळा धड होता.

1799 साली तो टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत होता. एका रात्री फौज अंधारात चालत असताना त्याने ताऱ्यांवरून ओळखलं, की आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे थेट शत्रूच्या तळाकडे चाललो आहोत. त्याने ते वरिष्ठांच्या लक्षात आणून दिलं आणि फौज वाचली. युद्ध संपल्यावर त्याने सरकारपुढे योजना मांडली : त्रिकोणांची साखळी टाकून द्वीपकल्प मोजायचा.

आता त्याच्या खरेदीची गोष्ट. त्याची 100 फुटी पोलादी साखळी सेकंडहॅंड होती! 1793 साली ब्रिटिश वकिलातीने चीनच्या बादशहाला भेट द्यायला नेलेल्या सामानातली ती. तिथे ती नको झाली, मग वकिलातीबरोबरच्या डिनविडी नावाच्या शास्त्रज्ञाकडे आली आणि त्याच्याकडून कलकत्त्यात लॅम्बटनसाठी विकत घेतली गेली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट इंग्लंडहून निघालं, ते वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. ते कशासाठी आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं.

1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पाया मोजला. साडेसात मैल. तिवयांवर लाकडी पेट्या मांडायच्या, त्यात साखळी ताणायची, तापमान बघून वाढलेली लांबी हिशोबात धरायची, मग साखळी पुढे न्यायची. असं सुमारे 400 वेळा. 57 दिवस लागले.

एवढा अट्टाहास कशाला, असं मलाही वाटलं. म्हणून हिशोब केला. समजा मालवणच्या किनाऱ्यावर 60 मीटरचा पाया धरून 600 मीटरवरच्या खडकाचं अंतर काढायचं आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाने 1 अंशाची चूक झाली तर उत्तर सुमारे 100 मीटरने चुकतं. तीच चूक 1 मिनिटाची असेल तर दोन मीटरच्या आत राहते. मी दादाला घेऊन टेप आणि कोनमापकाने करून बघितलं. तीन वेळा मोजलं, तीन उत्तरं आली. अर्ध्या टनाचं यंत्र का वाहून न्यायचं, ते त्या वाळूत उभं राहून कळलं.

लॅम्बटनचे त्रिकोण पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरपर्यंत पोचले तेव्हा समजलं, की तिथे द्वीपकल्पाची रुंदी 400 नाही, 360 मैल आहे. नकाशावरचा 40 मैलांचा मुलूख नाहीसा झाला. 1808 साली तंजावरच्या मोठ्या देवळावर थिओडोलाइट चढवताना दोर सुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटन तंबूत बसला आणि पाचरी, स्क्रू लावून लावून सहा आठवड्यांत ते वर्तुळ सरळ केलं. वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला की नवीन तुकडा मागणाऱ्या आपल्यासाठी हे लिहून ठेवते.

हे काम कंपनी सरकारचं होतं, राज्य पक्कं करायला नकाशे लागतच होते. ते विसरून चालणार नाही. डोंगरावर निशाणं घेऊन उभे राहणारे, साखळी धरणारे, तापाने मेलेले आपले लोक मात्र कुठल्या पुस्तकात नावानिशी सापडत नाहीत. लॅम्बटनही कामावरच गेला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी, वयाच्या सत्तरीच्या आसपास, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याचं थडगं तिथेच आहे, आपल्या महाराष्ट्रात. पुढचं काम एव्हरेस्टने केलं आणि शिखराला नाव त्याचं लागलं.

आता दादाच्या रेंजफाइंडरचं. गेल्या वर्षी तिन्हीसांजेला कुणग्याच्या कडेला काहीतरी काळं हललं. काकांनी नेम धरला होता. अंतरही त्यांनी बरोबर ओळखलं होतं, चाळीस पावलं. का कोण जाणे, त्यांनी आधी हाक मारली. ती वाकून गवत कापणारी आमची शेजारची काकी होती. त्या रात्री काका जेवले नाहीत.

रेंजफाइंडर असता तर त्याने काकीचंही अंतर अचूक सांगितलं असतं. तिथे कोण आहे, ते सांगितलं नसतं. लॅम्बटन दुर्बीण लावायच्या आधी त्या टोकाला माणूस पाठवी, निशाण लावी, मगच कोन मोजी. मी दादाला एवढंच सांगितलं. तो दोन दिवस घुश्शात होता. मग काकांनीच विषय संपवला. रेंजफाइंडरसाठी साठवलेल्या पैशात आणखी थोडी भर घालून वरच्या कुणग्यांना सौर कुंपण घातलं. डुकरं अजून येतात, पण खालच्या बाजूने!

असो. पुढच्या सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात साखळी धरायची वेळ आली तर सरांच्या नावाने बोटं मोडू नका. हिंगणघाटच्या म्हाताऱ्याला आठवा आणि रीडिंग दोनदा घ्या.